हरल्यावरचा गुलाल

२ नोव्हेंबर
नवी वही, नवा पेन, नवा मी. डिस्क्रीट मॅथ्सच्या युनिट टेस्टला वीसपैकी तीन पडले. सरांची पेपर तपासायची पद्धत जुनाट आहे. पप्पा मार्क बघून एवढंच म्हणाले की डिसेंबरात नापास झालास तर सगळी सुट्टी पेठ वडगावला, गुंडूमामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं. मी लगेच हो म्हटलं. मी नापास होणारच नाही, म्हणजे दुकान कटाप! सुट्टीत राधानगरी, दोस्त मोहितची बाइक, टेंट. ठरलं.

४ नोव्हेंबर, पहाटे ५
अलार्म वाजला. अक्षता उठली. माझी धाकटी बहीण, अकरावीला आहे, घरातली गुप्तहेर. आलार्म तुला लावलाय का गल्लीला, असं म्हणाली. अशा वातावरणात अभ्यास कसा होणार? झोपलो.

४ नोव्हेंबर, रात्री
चार रंगांत टाइमटेबल केलं. दिवस त्यातच गेला, पण पाया भक्कम झाला.

१२ नोव्हेंबर
डिस्क्रीट म्हणजे सुटं सुटं, सलग नसलेलं. माझा अभ्यासही तसाच चाललाय. रविवारी दहा मिनिटं, मग एकदम आज. म्हणजे नकळत मी विषयात शिरलोय.

१६ नोव्हेंबर
लॉजिकचा चॅप्टर उघडला. सगळं 'जर' आणि 'तर'. यात काय शिकायचं? आमच्या घरात चहापासून जर-तरच चालतं. चॅप्टर सोडला.

२३ नोव्हेंबर
आमच्या तालमीची फुटबॉल मॅच. दोन-शून्यनं हरलो. रेफ्रीला चष्मा लागलाय हे त्याच्या घरच्यांनी त्याला सांगायला हवं. येताना मोहितच्या दारात हलगी. त्याचा भाऊ पोलीस भरतीत लागला. मलाही धरून गुलालात बुडवला. आईनं दारातच अडवलं. हारलासा न्हवं, मग गुलाल कशाचा, म्हणाली. गुलालाला काय मॅचच जिंकायला लागते का, असं मी सुनावलं. मुद्दा तिला पटला. शर्ट मात्र मलाच धुवायला लावला.

२ डिसेंबर
उद्या पेपर. प्रसेनजीतकडे गेलो. वर्गात पहिला येतो, बाकी पोरगं चांगलं आहे. त्यानं जर-तरचा टेबल काढला. म्हणाला, भावा, चार ओळी हायत. 'जर' खरं झालं आणि 'तर' झालं न्हाई, तेवढ्या एका ओळीत वाक्य खोटं पडतं. बाकी तिन्हीत खरं. तेवढ्यात त्याच्या आईनं पोहे आणले. एकाच ओळीसाठी पोहे गार कशाला करायचे?

३ डिसेंबर
नाद खुळा पेपर! एक प्रश्न तर खास माझ्यासाठी: 'मॅच जिंकली तर पेठेत गुलाल उधळतात. मॅच हरली. म्हणून गुलाल उधळला नाही. निष्कर्ष बरोबर की चूक?' मी लिहिलं, बरोबर. हरल्यावर गुलाल उधळायला आमची शिवाजी पेठ काय येडी आहे? पुढे दीड पान तालमीचा इतिहास. बाहेर प्रसेनजीत म्हणाला, निष्कर्ष चूक हाय, गुलाल दुसऱ्या कशाचा बी आसंल की. मी त्याला विचारलं, आयुष्यात मॅच बघितलीस का कधी? घरी सगळ्यांना उत्तर वाचून दाखवलं. अक्षता उगाच माझ्या गुलाबी पडलेल्या शर्टाकडं बघत होती.

२४ डिसेंबर
पास!!! शंभरात चाळीस, पासिंगला चाळीसच लागतात. एकही मार्क वाया घालवला नाही. त्यातले तीन ग्रेसचे आहेत, पण ते काय कुणालाही देत नाहीत. गुलालाच्या प्रश्नाला शून्य. सर सांगलीचे, त्यांना पेठेतला गुलाल काय कळणार? मोहितला फोन केला, टेंट बांध. बॅग भरली.

२४ डिसेंबर, संध्याकाळी
दारातली बॅग बघून पप्पा म्हणाले, वा, वडगावची तयारी झाली वाटतं. मी मार्क दाखवले. पास झालो की! तर शांतपणे म्हणाले, नापास झालास तर दुकानात बसायचं, असं म्हटलंतं. पास झालास तर बसायचं न्हाई, असं कवा म्हटलं? मामाचा माणूस गावाला गेलाय.
लई आठवून बघितलं. खरंच म्हटले नव्हते.
अक्षता आतून ओरडली, दादा, हारल्यावर गुलाल लागतोय, मग पास झाल्यावर दुकान का न्हाई? आई हसून हसून खाली बसली. मला रडायला येत होतं.

२६ डिसेंबर, पेठ वडगाव
सकाळी मामानं सांडलेले स्क्रू निवडायला दिले. नीट निवडलास तर चार वाजता खायला कटवडा, म्हणाला. मोहितनं राधानगरीचे फोटो पाठवले. टेंटमध्ये माझ्या जागी प्रसेनजीत.
जिद्दीनं बसलो. एकूण एक स्क्रू ज्याच्या त्याच्या डब्यात. मामानं सगळे डबे तपासले. एक बी चूक न्हाई रं, म्हणाला.
मग म्हणाला, कटवडा संपला.
म्हणजे प्रसेनजीतच्या टेबलातली ती एक खोटी ओळ ही. लॉजिकचा चॅप्टर आज पूर्ण झाला.