कार्डावरचा राखणदार

॥ श्री बहिरीदेव प्रसन्न ॥

(वरची ओळ या खेपेस लिहायचीच नाही असं ठरवून बसलो होतो. तरी हात गेलाच. सगळा घोटाळा याच सवयीपायी झालाय, ते पुढे येईलच.)

मु. काशीद, १२ मार्च

तीर्थरूप भागोजी काकांस,

धाकट्या भावाच्या थोरल्या पोराचा, म्हणजे निकेतचा, पाय धरून नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे? काकूंचा गुडघा उतरला का? वादळानंतर लावलेल्या पोफळींना आता सुपारीची शिपटं धरली असतील. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण ते खोटं होईल. इकडे कोणीही मजेत नाही. मी तर इतका तापलोय की सकाळी बोटीवर एका पाहुण्याने लाइफ जॅकेट उलटं घातलं म्हणून त्याला ओरडलो, तो पोलीस निघाला. (मला कामावरून काढलं नाही. दोन दिवस घरी बस म्हणाले. म्हणून तर एवढं लांब पत्र लिहायला वेळ मिळाला.)

काका, एकोणतीस वर्षांपूर्वी तुम्ही गावात देवाची पूजा धरून राहिलात आणि बाबा इकडे चर्चमध्ये कामाला लागले, तेव्हा भावकीत काय काय बोलणं झालं ते आई अजून सांगते. तुळशीराम आता गळ्यात क्रूस घालणार, पोरांची नावं बदलणार, वगैरे. बाबांनी यातलं काही केलं नाही. ते दिवसातून तीनदा घंटा वाजवतात, बाग शिंपतात, कौलं चाळतात आणि नाताळात गोठा बांधतात. घंटेच्या दोराला हात घालण्याआधी ओठातल्या ओठात आपल्या बहिरीदेवाचं नाव घेतात. फादर मार्तीसना ते माहीत आहे. त्यांनी एकदा विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "राखणदाराला सांगल्याबिगर दोराला हात कसा लावू?" फादर हसले आणि गेले. इथपर्यंत सगळं बरं होतं.

आता मूळ गोष्ट. गेल्या महिन्यात आईच्या पोटात उजव्या बाजूला कळ आली. आधी दोन दिवस ती ओवा चावत बसली, मग तिसऱ्या दिवशी मासे साफ करता करता कोयती टाकून आडवी झाली. मी तिला अलिबागला मोठ्या दवाखान्यात नेलं. पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, फार दिवस ठेवू नका, म्हणाले. मी म्हटलं, काढा की मग. नवरा चर्चचा नोकर आहे, त्यांचं आजारपणाचं कार्ड आहे. (हे मी जरा जोरात म्हटलं. आपल्या घराण्यात कार्ड दाखवायची वेळ पहिल्यांदाच आली होती.) खिडकीतल्या मुलीने कार्ड मशीनमध्ये घातलं, पडद्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं. मग विचारलं, "पेशंट कुठे आहेत?" म्हटलं, ही काय समोर उभी आहे. ती म्हणाली, "या कार्डावर कर्मचारी तुळशीराम आणि आश्रित बहिरीदेव, पुरुष, वय एकाहत्तर. या बाई कोण?"

काका, मी त्या खिडकीवर जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. रांगेतल्या एका म्हातारीने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, एवढं सांगतो. आईची कळ तेवढ्यात थोडी उतरली होती, त्यामुळे ती हसायला लागली. हसताना तिला दुखत होतं, तरी हसत होती. घरी आल्यावर ती बाबांना म्हणाली, "तुमच्या देवाला खडे झालं तं कुठला खडा काडाचा? तो सगलाच दगड हाय." बाबा उठले. ते घंटा वाजवायला गेले. त्या दिवशी घंटा पाच मिनिटं उशिरा झाली, फादर मार्तीस गॅलरीत येऊन बघत होते.

तुम्ही म्हणाल, अकरा वर्षं कार्ड घरात आणि कोणी वाचलं कसं नाही? वाचणार कोण? कार्ड आलं त्या दिवशी बाबांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यात ठेवलं. दसऱ्याला कोयत्याबरोबर त्याची पूजा होते. त्यावर इतकं कुंकू बसलंय की नाव दिसायला ओल्या फडक्याने पुसावं लागलं. पण खुणा होत्या, काका, आम्हालाच कळल्या नाहीत. दर एक जानेवारीला बाबांच्या फोनवर संदेश यायचा, "प्रिय बहिरीदेव, आपणास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." बाबांना वाटायचं, चर्चवाले किती मोठ्या मनाचे, आपल्या देवाचीही आठवण ठेवतात. ते त्या दिवशी नारळ फोडायचे. तीन वर्षांपूर्वी तर पत्रच आलं, की बहिरीदेव यांची मोफत आरोग्य तपासणी आहे, सकाळी उपाशीपोटी यावे. धाकट्या बहिणीने, कल्पिताने, ते वाचून दाखवलं, तिला वाटलं फादरच्या ऑफिसातल्या कोणाची गंमत आहे. बाबांना गंमत वाटली नाही. त्यांनी देवाच्या वतीने दिवसभर कडक उपास धरला. (संध्याकाळी त्यांना चक्कर आली. तेव्हा कार्ड काढलं असतं तर तेव्हाच उलगडलं असतं. पण गुळपाण्यावर भागलं.)

मग मी ठरवलं की वाशीला चर्चवाल्यांचं मोठं ऑफिस आहे तिथे जाऊन टेबलं उलटी करायची. मोटरसायकल काढली. रिकाम्या हाताने भांडायला जाऊ नये असं आई म्हणते, म्हणून अलिबागच्या रस्त्यावर पांढऱ्या कांद्याची माळ घेतली. कांदेवालीच्या मुलाला दिवेआगरला हॉटेलात नोकरी हवी होती, तिला तिथली माहिती सांगण्यात एक तास गेला. पुढे वडखळला एका मिठाच्या ट्रकचा टायर फुटला होता, चालक एकटाच होता. मी कधीकाळी चार महिने ट्रकवर होतो हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे मला थांबणं भाग होतं. मग त्याने चहा पाजला, मग तो त्याच्या सासऱ्याबद्दल सांगू लागला. थोडक्यात, मी पोचलो तेव्हा ऑफिस बंद होत होतं. दुसऱ्या दिवशी परत गेलो. या खेपेस कोणासाठीही थांबलो नाही. (एकदाच थांबलो, पण तो कुत्रा होता.)

तिथे पूनम मॅडम म्हणून आहेत. मी कांद्याची माळ त्यांच्या टेबलावर आपटली आणि जे पाठ करून आलो होतो ते सगळं बोलून टाकलं. की तुम्ही लोक कसे आहात, माणसाला सोडून देवाचा विमा काढता, तोही दुसऱ्याच्या देवाचा. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भेटवस्तू घेता येत नाही आम्हाला. पण माळ राहू दे, तुम्हाला समजावायला उपयोगी पडेल." आणि त्यांनी, काका, त्या माळेवरून मला पेन्शन शिकवली. हा कांदा तुमच्या बाबांच्या पगारातला, हा शेजारचा चर्चने घातलेला. दर महिन्याला असे दोन कांदे माळेत ओवले जातात. माळ कोणी घरी न्यायची नाही. बाबा येत्या मे अखेर निवृत्त झाले की माळेतून दर महिन्याला थोडे कांदे घरी येणार, जन्मभर. बाबांच्या मागे त्याच्या निम्मे कांदे, माळेवर ज्याचं नाव बांधलंय त्याला. आणि आजारपणाचं कार्ड वेगळं, पण त्यावरही तेच नाव. मी विचारलं, म्हणजे उद्या बाबांचं काही झालं तर निम्मे कांदे बहिरीदेवाला? त्या म्हणाल्या, "नियमाने, हो. फक्त त्यांनी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला हवा."

मला नववीनंतर कोणीच इतकं नीट शिकवलं नव्हतं. राग तिथे उतरायला हवा होता. तो वाढला. कारण भांडायला जाऊन समजूत घेऊन परतलं की माणसाला कसं वाटतं ते तुम्हीच सांगा.

तर हे झालं असं. चौथ्या श्रेणीतल्या नोकराला कार्डावर एकच आश्रित मिळतो. फॉर्मवर मात्र चार ओळी होत्या. बाबांनी लग्नाच्या पत्रिकांची यादी करतात तशी यादी केली. पहिली पत्रिका देवाला, पहिली काकडी देवाला, जाळ्यातला पहिला मासा देवाला, तशी फॉर्मवरची पहिली ओळ देवाला. नाव बहिरीदेव, नाते राखणदार, वय कोरं. दुसऱ्या ओळीवर आई, मग मी, मग कल्पिता. ऑफिसात कोणीतरी वरची एक ओळ घेतली आणि बाकीच्या सोडून दिल्या. वय कोरं ठेवलं तर कॉम्प्युटर पुढे सरकत नव्हता, म्हणून साठ घातलं. तेव्हापासून देव दरवर्षी एकेक वर्षाने म्हातारा होतोय.

आता नाव बदलायचं तर ३१ मार्चच्या आत. ती तारीख गेली तर बाबा निवृत्त होतील त्या दिवशी जे नाव असेल तेच कायमचं. मग आईला ना कार्ड, ना बाबांच्या मागे कांदा. आणि तिची पिशवी काढायला डॉक्टरांनी पाच एप्रिल दिलाय. आणि आहे तो आश्रित काढायचा तर कागद लागतो. मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा, नाहीतर त्या आश्रिताचं स्वखुशीचं पत्र. मी म्हटलं, मॅडम, देव आहे तो. त्या म्हणाल्या, "तुम्हाला माहीत, मला माहीत. कॉम्प्युटरला तो एकाहत्तर वर्षांचा गृहस्थ आहे."

घरी येऊन मी बाबांना काय काय बोललो ते आठवून आज कान गरम होतात. म्हटलं, एकोणतीस वर्षं घंटा ओढलीत पण एक कागद धड भरता आला नाही. बायको दुसऱ्या ओळीवर आणि दगड पहिलीवर. आई मधे मधे "पुरे रं, पुरे" म्हणत होती. बाबा उंबऱ्यावर बसून दोराचं टोक वळत होते. ते एवढंच म्हणाले, "चुकलं माजं. पन ज्याला पाटावर बशिवला त्याला मी उठवाचा न्हाय. तो आपनहून उठंल तं उठंल." मग मी दार आपटून बाहेर गेलो. दाराची कडी तुटली, ती मीच नंतर बसवली.

बाकी क्षेम. काकूंना नमस्कार, गुडघ्याला तिळाचं तेल लावायला सांगा.

आपला,
निकेत

ता. क. इतकं सगळं लिहिलं ते कशासाठी, तर बाबा या जगात दोघांचंच ऐकतात, देवाचं आणि तुमचं, आणि दोघं एकाच देवळात बसता. शिमगा आठ दिवसांवर आलाय, पालखी निघण्याआधी तुम्ही कौल लावणारच. तेव्हा एवढं विचारा, की देवा, तू कार्डावरची जागा तुळशीरामच्या बायकोला, सोनाबाईला, देतोस का? देवाला पाण्याने चिकटवलेल्या दोन कळ्यांतली उजवी पडली की हो. (उजवी कळी चिकटवताना पाणी थोडं कमी लावलं तर चालतं का? मी आपलं विचारतो. लहानपणी तुमच्या मागे उभा राहून मी बरंच बघितलंय.) मग देवस्थानच्या कागदावर, शिक्का मारून, देव स्वखुशीने नाव मागे घेत आहेत अशा दोन ओळी लिहा. पूनम मॅडमनी त्यांच्या साहेबांना विचारलंय. आश्रित स्वतः येऊ शकत नसेल तर त्याची सेवा करणाऱ्याची सही चालते. म्हणजे ती सही तुमची. एसटीने पाठवू नका, आमच्या शेजारचा रितेश टेम्पो घेऊन येतोय, त्याच्या हाती द्या.

ता. क. दुसरं. हे लिहू की नको असं करत पान उलटलं. मॅडमनी मला तो जुना फॉर्म दाखवला. अक्षर माझं आहे. मी सातवीत होतो, घरात माझंच अक्षर सुवाच्य, म्हणून बाबांनी मला बसवलं आणि ते सांगत गेले. फॉर्मबरोबर फादर मार्तीसनी मराठीत एक सूचनेचा कागद पाठवला होता, की एकच नाव मिळेल, पत्नीचे पहिले लिहा. (त्यात काय होतं ते मला आता मॅडमकडून कळलं.) बाबा म्हणाले होते, "त्या कागदावर काय हाय ते आधी वाच." मी न वाचताच म्हटलं, काही नाही, आशीर्वाद आहे. वाळूवर पोरं थांबली होती, भरतीच्या आधी जायचं होतं. त्या कागदाची मी पतंगाला शेपटी केली.

ता. क. तिसरं. नवा फॉर्म काल भरला. पहिल्या ओळीवर सोनाबाई, नाते पत्नी. बाबा बघत होते म्हणून वरच्या कोऱ्या जागेत देवाचं नाव लिहिलं, पत्रावर लिहितात तसं. मॅडम म्हणतात, तिथलं कॉम्प्युटर वाचत नाही. देवाचा कौल आला तरच पाठवायचा, या अटीवर बाबांनी सही केली. पेन खाली ठेवताना मला म्हणाले, "आता सोबतचा कागद वाचलास ना?" म्हणजे मी तेव्हा कागद न वाचता थाप मारली हे त्यांना अकरा वर्षं ठाऊक होतं. आईला अजून माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका. पाच तारखेनंतर मी स्वतः सांगेन. हसली तर टाके दुखतील, म्हणून थोडे दिवस थांबून.