समोरून शिकलेला तबला

मुलींचे वसतिगृह, औरंगाबाद
दि. १२ ऑगस्ट १९८५

ती. नाना यांस चांगुणाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मी इथं सुखरूप आहे. तुमची तब्येत कशी आहे? काकी गेल्यापासून तुम्ही दिवसातून एकदाच चूल पेटवता, हे शेजारच्या केशरबाईंनी मला निघताना सांगितलंय. तेव्हा पत्रात खोटं लिहू नका.

विद्यापीठात तबल्याची शिकवणी एकेकट्यानं असते. बुधवारी आणि शनिवारी तासभर, लहानशा खोलीत सर आणि मी. सरांचं नाव गुरुसिद्धप्पा. सोलापूरकडचे आहेत, रागावले की कानडीत बोलतात, त्यामुळं आपल्याला काय म्हणाले ते कळत नाही हे बरंच. पहिल्या दिवशी मी तुम्ही शिकवलेला तीनताल आणि दोन कायदे वाजवून दाखवले. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, आपण 'ना' या पहिल्या बोलापासून सुरू करू. महिना झाला, तेवढंच वाजवते आहे. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी परंड्याची पोरगी म्हणते, तुझ्यापेक्षा नळ बरा, तो निदान मधून मधून थांबतो.

पाऊस झाला का ते कळवा. लोभ आहेच, तो पत्रातूनही कळू द्या.

आपली,
चांगुणा

तामलवाडी, ता. तुळजापूर
दि. २५ ऑगस्ट १९८५

चि. चांगुणा हिस पिराजीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र पावलं. केशरबाईला जाब विचारायला गेलो, तर तिनं माझ्याच हातावर दोन भाकरी ठेवल्या आणि म्हणली, लिहा आता पोरीला, उपाशी हाय म्हणून. पाऊस न्हाय. दूध सोसायटीत पहाटे बारा कॅन भरायचे, आता तीन भरले तरी चेअरमन खूश. आमचं शिपायाचं काम कॅन धुवायचं. धुतलेले पुन्हा धुतो. घरी जाऊन तरी कुणाशी बोलायचं?

पर पोरी, तुझं पत्र वाचून डोस्कं फिरलं. तीनताल येणाऱ्या लेकराला महिनाभर एकच बोल? मास्तरानं आडनाव विचारलं का? गावात घर कुठल्या अंगाला हाय, ते विचारलं का? खरं लिही. तसं असंल तर मी सोसायटीतून दोन दिवसांची रजा काढतो, एस्टीत बसतो आणि समोरासमोर विचारतो. तुला बापाच्या माघारी मी वाढवलीय, माझ्या हातानं शिकवलीय.

चौदा एप्रिलला जयंतीच्या गाण्यांना तूच वाजवणार, असं रामकिसनला आताच सांगून ठेवलंय. तो गाणार, तू वाजवणार, आणि मी पहिल्यांदाच खुर्चीत बसून ऐकणार. लई दिवसांची इच्छा हाय ती.

माया पातळ करू नये.

तुझा,
नाना

औरंगाबाद
दि. ५ सप्टेंबर १९८५

ती. नाना यांस सप्रेम जयभीम. वि. वि.

नाना, येऊ नका. सरांनी त्यातलं काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या थर्मासमधला चहा मला दिला. मीच तुमच्यापासून एक गोष्ट लपवली.

माझे हात उलटे आहेत. सगळे तबला उजव्या हातानं वाजवतात आणि डग्गा डाव्या. मी तबला डाव्यानं वाजवते, डग्गा उजव्यानं. सरांनी विचारलं, जेवतेस कुठल्या हातानं? म्हटलं, उजव्या. शिकवलं कुणी? म्हटलं, चुलत्यांनी. ते डावरे आहेत का? म्हटलं, नाहीत. यावर सर तुमच्याविषयी एक शब्दही वाईट बोलले नाहीत, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर म्हणतात, मुळात डावरी असतीस तर तसंच ठेवलं असतं. उजव्या माणसाचा डावा हात जलद लयीत अडतो, तिथून पुढं जाता येत नाही. जबरदस्ती नाही, महिनाभर उजव्यानं 'ना' वाजवून बघितलंस, आता ठरव म्हणाले. पण हात बदलायचे तर वर्षभर जुन्या पद्धतीनं एकदाही वाजवायचं नाही, एक संध्याकाळसुद्धा नाही. बोटं लगेच जुन्या घरी पळतात. म्हणजे जयंतीला मला वाजवता येणार नाही.

मी अजून हो म्हटलेलं नाही. सगळं सोडून घरी यावं असंही वाटतं. तुम्ही सांगाल तसं करीन.

आपली,
चांगुणा

तामलवाडी
दि. २ ऑक्टोबर १९८५

चि. चांगुणा हिस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तीनदा कागद घेतला, तीनदा ठेवला.

छप्पन साली आपण धम्म घेतला आणि हलगी खाली ठेवली. गाव ती वाजवायला बोलवायचं, पर बसा असं कधी म्हणायचं न्हाय. म्हणून म्हणलं, आता आपल्या मनानं वाजवू ते तबलाच वाजवू. पर शिकवणार कोण? तुळजापुरात एका गाणाऱ्या पार्टीचा तंबू पडला होता. तबलजीकडं दोनदा गेलो. दोनदा त्यानं हात जोडले, म्हणला, मालक ओरडंल. मग दुपारी त्यांची तालीम चालायची तेव्हा मी कनातीच्या फटीतून बघायचो. महिनाभर बघितलं. तो तोंड माझ्याकडं करून बसलेला. त्याचा जो हात माझ्या डाव्या अंगाला दिसायचा, तो मी माझा डावा केला. आरशात बघून कुणी भांग पाडावा, तसं झालं बघ. आत शेजारी बसायला मिळालं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं.

तीस वरसं कुणी सांगितलं न्हाय. आपल्या माणसांना तबला वाजतोय याचंच कौतुक.

तुझं पत्र आल्यावर तबला-डग्गा अदलाबदल करून बसलो. उजवा हात पाहुण्यासारखा नुसता बसून राहिला. माझं वय गेलं. तुझं गेलेलं न्हाय. तू आत बसलीस, मास्तराच्या शेजारी. तिथून उठायचं न्हाय. हात बदल.

आणि जयंतीला येऊच नको. आलीस की तबला दिसंल, रामकिसन आग्रह करंल, मीही करीन. माझा भरवसा धरू नको.

तुझा,
नाना

औरंगाबाद
दि. २० मार्च १९८६

ती. नाना यांस सप्रेम जयभीम. वि. वि.

उजवा हात आता चालतो. पळत नाही, पण चालतो. काल सर तासभर कानडीत काहीच बोलले नाहीत, म्हणजे बरं चाललंय.

दिवाळीलाही तुम्ही येऊ दिलं नाहीत. तुमची पत्रं चार ओळींची झालीत. पाणी टँकरनं येतं, सोसायटी बंद पडली, एवढंच कळतं. नाना, तुम्ही माझ्यावर रुसलात का? इतकं एकटं मला इथं पहिल्या दिवशीही वाटलं नव्हतं. जयंतीला कोण वाजवणार, तेवढं तरी लिहा.

आपली,
चांगुणा

तामलवाडी
दि. १७ एप्रिल १९८६

चि. चांगुणा हिस नानाचा जयभीम आणि मनापासून आशीर्वाद.

रुसलो न्हाय गं. जास्त लिहायला बसलो की शेवटी 'ये' असं लिहून जाईल, या भ्यानं चार ओळींत आटपायचो.

जयंतीला मीच वाजवलं. लोक विचारायचे, पोरगी कुठं? म्हणलं, शिकतीय. अजून? म्हणलं, व्हय, अजून. तीन गाणी नीट गेली. चौथ्याला माझं ध्यान माझ्याच हातांकडं गेलं आणि सम चुकली. रामकिसननं सावरून घेतलं. कुणाला कळलं न्हाय, मला कळलं.

दुसऱ्या दिवशी केशरबाई सुनेला, मथुराला, घेऊन आली. सुनेला तबला शिकायचाय म्हणं. मी न्हाय म्हणलो. माझा उलटा हात आता माझ्यापाशीच थांबू दे. म्हणलं, सुट्टीत चांगुणा येईल, तिच्याकडून शीक. मथुरा म्हणली, तोवर काय करू? म्हणलं, तोवर ऐक.

आता रोज दिवस मावळायला सासवा-सुना येतात. केशरबाई भाकरी झाकून ठेवती आणि दारात टेकती. मथुराला मी सांगितलंय, माझ्या हातांकडं बघायचं न्हाय. ती भिंतीकडं तोंड करून बसती आणि मी तिच्या पाठीला तीनताल ऐकवतो.

परीक्षा झाली की लगेच निघ.

तुझी वाट बघणारा,
नाना