तोबीतचं पुस्तक आणि सहावं कलम

प्रिय अक्कास,

नांदेडहून शांतवनचा प्रभूच्या नावात सप्रेम सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? चंद्रप्पा भावजींना माझा सलाम वेगळा सांग (तुझ्या सलामात मिसळला तर ते तो तुझाच समजून बसतात). इथे सर्व खुशाल म्हटलं असतं, पण आपल्या दादाच्या लेकीचं, सुकन्येचं लग्न येत्या शनिवारी आहे आणि चर्चच्या मंडळीत तोबीतच्या पुस्तकावरून धुमाकूळ चालला आहे.

लग्नाच्या उपासनेत कोणता शास्त्रपाठ हवा, असं पाळकसाहेबांनी विचारलं आणि सुकन्येनं तोबीत सांगितलं. ती लहान असताना मी तिला लातूरला तुझ्याकडे आणलं होतं (दादाला उदगीर सांगून), तेव्हा गच्चीवर तू तिला ही गोष्ट सांगितलीस. साराचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मेले, लोक तिलाच बोल लावत होते, मग देवदूताला आणि कुत्र्याला सोबत घेऊन तोबीतचा मुलगा तोबिया आला, आणि निजण्याआधी दोघांनी मिळून प्रार्थना केली. सुकन्येची दोन ठरलेली लग्नं मोडली, तेव्हापासून आपल्या बायका तिच्याकडे कसं बघतात ते तुला सांगायला नको. ती म्हणाली, "देवानं साराला नावं न्हाई ठेवली. तेवढं एकदा सगळ्यांसमोर वाचा. न्हाई तर मी आत येत न्हाई, भाहीर बाकावर बसून राहते."

दादा मंडळीचा सचिव. तो म्हणाला, "ते पुस्तक आपल्या बायबलात न्हाई. कॅथलिकांचं हाय." शेवटचा शब्द त्यानं असा उच्चारला की तो पुस्तकाबद्दल बोलत नव्हता, हे सगळ्यांना कळलं. तू भावजींशी लग्न करून कॅथलिक झालीस, त्याला आता तीस वर्षं होत आली, पण त्याचा राग अजून ताजा आहे.

मग सभा भरली. मी खिडकीशी बसलो होतो, गोदावरीवरून वारा येत होता आणि माझं लक्ष तोबियाच्या त्या कुत्र्याकडे गेलं. साऱ्या शास्त्रात कुत्र्याला कुणी बरं म्हणत नाही, आणि हा मात्र चमत्कार नाही, भुंकणं नाही, नुसता सोबत चाललेला. मला तो ओल्या वाळूवरून पुढे जाताना दिसला. पलीकडच्या काठावर तोबियाचं गाव निनवे होतं, तिथं दिवे लागले होते, कुणीतरी मासा साफ करत होतं, आणि मला इतकं शांत वाटलं की मी मोठ्यानं विचारलं, त्याला कुणी पाणी पाजलं का? दादानं वृत्तांतात लिहिलं, श्री. शांतवन यांनी पाण्याचा प्रश्न उपस्थित केला. पुढचा अर्धा तास सभा चर्चच्या टाकीच्या गळतीवर बोलत राहिली. मी काही दुरुस्त केलं नाही, कारण टाकी खरंच गळते.

शेवटी पाळकसाहेबांनी अँग्लिकन वाडवडिलांची कलमं काढली. सहावं कलम सांगतं, की ही अपोक्रिफाची, म्हणजे मूळ बायबलाबाहेर ठेवलेली पुस्तकं मंडळीनं चांगल्या चालीरीतीसाठी वाचावीत, पण त्यांवर कोणताही सिद्धांत उभारू नये. शेषेराव मास्तर म्हणाले, "म्हंजी वाचायचं पण धरून चालायचं न्हाई. पेपरातल्या सोयाबीनच्या भावावानी." मग ठरलं, की वाचन वेदीच्या पायरीखालून व्हावं, लोकांनी बसूनच ऐकावं, आणि शेवटी 'देवाचे वचन' न म्हणता 'येथे वाचन संपले' एवढंच म्हणावं. वाचणार कोण, यावर सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली.

अक्का, त्या दिवसापासून मी फार अस्वस्थ आहे. आम्ही तुलाही हेच कलम लावलं. तुझी टापटीप, तुझा स्वयंपाक, आजाऱ्याजवळ तू कशी बसायचीस, हे सगळं घरातल्या पोरींना चांगल्या चालीरीतीसाठी सांगितलं, आणि पंगतीला मात्र तुला कधी बोलावलं नाही. मीही बोलावलं नाही. मला त्याची लाज वाटते. यावर दादाशी बोलायचं मी रोज ठरवतो आणि रोज बोलता बोलता टाकीवर येतो.

भावजींना जप. हवा बदलते आहे.

तुझा,
शांतवन

ता. क. : आमच्या बायबलात ते पुस्तक नाही, म्हणून तुझं जाडं बायबल घेऊन शनिवारी सकाळीच ये. वाचायचंही तुलाच आहे. पायरीवर चढू नकोस, एवढीच अट. गुडघ्यांनाही बरं.

आणखी एक : खरं म्हणजे ते अख्खं पुस्तक सुकन्येच्या फोनवर आहे. दादानं काल ओट्यावर बसून तिच्याकडून ते वाचून घेतलं. आज मी हे पत्र लिहायला घेतलं, तर मागून म्हणाला, "अक्काला पुस्तक आणाय सांग." मी म्हटलं, ते तर फोनवर आहे की. तर म्हणाला, "फोनमधलं नको. तिच्या हातातलं पायजे."