बिनमाइकचा आवाज

१२ मे, सोमवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. काल नौदलाचा एक अधिकारी इकीतोस शहरातून वल्ह्याच्या होडीनं आला आणि चौकात सांगून गेला की लाइट आता येणार नाही. या वर्षी नाही, पुढच्या नाही, कधीच नाही. सूर्यावर काहीतरी झालं, तारा जळाल्या, तारा बनवणारी यंत्रंही जळाली. बायका रडल्या. पुरुषही रडले. मी रडलो नाही.
मी, उल्देरिको तेनासोआ, निवेदक आहे. वीस वर्षं या नदीकाठच्या प्रत्येक झोपडीत संध्याकाळी सहाला माझा आवाज जायचा. कोणाकडे बाळ झालं, कोण वारलं, कोणाचं डुक्कर हरवलं, सगळं माझ्या तोंडून. रेडिओ गेला. आवाज कुठे गेलाय? आता तर गावाला माझी जास्तच गरज पडणार.
फक्त एक खटकलं. लोकांना गोळा करायला सरपंच कासिल्दाबाईंनी नेरेओला सांगितलं. नेरेओ म्हणजे माझ्या बायकोचा, तेओलिंदाचा, भाऊ. कोंबड्यांच्या झुंजीत बोंबलून पैजा लावून घेणारा माणूस. मागे रेडिओत नोकरी मागायला आला होता, मीच नापास केलं. अर्धा शब्द बोलतो, अर्धा खातो.

१३ मे, मंगळवार.
ओसरीवर स्टुडिओ सुरू. टेबल, पाण्याचा पेला, समोर माइक. माइक चालत नाही हे मला कळतं. सवयीचा भाग. घड्याळं बंद आहेत, त्यामुळे मी ‘सहा वाजले’ म्हणालो की सहा.
श्रोते: आब्दोन आजोबा, शेजारच्या दोन बाया, एक कुत्रा. पहिल्या दिवसाच्या मानाने उत्तम. आजोबांना कमी ऐकू येतं, पण ते पहिल्यापासून माझे चाहते आहेत.

१८ मे, रविवार.
नेरेओ आता रोज संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर उभा राहून बातम्या ओरडतो. कोणी सांगितलं याला? कोणीच नाही. आपलं आपणच. आज तिथे निम्मं गाव होतं. मी मोजायला गेलो नव्हतो, वाटेत होतं.
बातमी देण्याची पद्धत अशी: “मारुहाच्या म्हातारीचं डुक्कर सुटलंय, कान तुटका आहे, दिसलं तर कापू नका.” लोक हसतात. बातमीला हसतात! उद्गारचिन्ह मुद्दाम दिलंय.

२२ मे, गुरुवार.
नेरेओला कोणीतरी पपया दिल्या. पपयांची टोपली. मला वीस वर्षांत श्रोत्यांनी पत्रं पाठवली. पत्रं टिकतात, पपई सडते.
त्यातली एक पपई तेओलिंदा घरी घेऊन आली. मी खाल्ली नाही. नंतर थोडी खाल्ली.

२९ मे, गुरुवार.
तेओलिंदाला सहज विचारलं, संध्याकाळी कुठे असतेस. म्हणाली, घाटावर. मी म्हटलं, घरात बुलेटिन चालू असताना? ती म्हणाली, “अहो, तुमचं मला स्वयंपाकघरातही ऐकू येत नाही. आणि मिठाचं काही कळेल म्हणून जाते. मडक्यात तळाला राहिलंय नुसतं. माशांचा लोंढा यायची वेळ झाली.”
मुद्दा बरोबर आहे. पूर्वी बर्फ असायचा, फ्रीज असायचे. आता वर्षभराचे मासे टिकवायचे तर मीठ लागणार, आणि ते नदीच्या वरच्या अंगाच्या खाणीतूनच येणार.
पण स्वयंपाकघरात ऐकू येत नाही, हे पटलं नाही. माझा आवाज कानाशी बोलल्यासारखा आहे. लग्नाआधी तीच म्हणायची हे. माइकजवळ कुजबुजायची कला असते. कोंबड्यांसमोर बोंबलणाऱ्याला ती काय कळणार.
उद्यापासून प्रॅक्टिस: पहाटे नदीत गळ्यापर्यंत उभं राहून बाराखडी.

४ जून, बुधवार.
नदीतली प्रॅक्टिस बंद. सर्दी.
नेरेओच्या शर्टाची बाही तेओलिंदा शिवत बसली होती. ओरडताना हात वर करतो म्हणे, तिथे उसवते. माझ्या शर्टाला महिनाभर बटण नाही. बटण नसलेला शर्ट घालून तिच्यासमोरून दोनतीनदा गेलो.
ती म्हणाली, “तुमच्या पोटात दुखतंय.” माझं पोट ठणठणीत आहे.

१० जून, मंगळवार. दुपार.
मोठी गोष्ट. वरून एक नावाडी आला, तोरिबियो. जुन्या सवयीनं निरोप घेऊन थेट माझ्याकडे. रेडिओवाल्याचं घर म्हणून. बघा, लोकांना कळतं कुठे जायचं ते.
निरोप: मिठाचे तराफे शनिवारी सकाळी येणार. पाणी उतरलंय, आमच्या घाटासमोर वाळू वर आलीये, म्हणून ते घाटावर थांबणार नाहीत. माकिसापाच्या ओढ्याच्या तोंडाशी लागतील, तेवढी सकाळच. मिठाच्या बदल्यात युकाच्या कंदाचं भाजकं पीठ घेतील, जेवढं न्याल तेवढं. तोरिबियो म्हणाला, “गावाला सांगा म्हणजे झालं.”
सांगणारच. पण मी सांगणार. ही बातमी फक्त या केंद्रावर.

११ जून, बुधवार.
तेओलिंदाला सांगितलं नाही. तिच्या पोटात राहणार नाही, भावाच्या तोंडातून बाहेर पडेल. तिनं आज पुन्हा विचारलं, मिठाचं काही कळलं का. मी म्हटलं, संध्याकाळचं बुलेटिन ऐक. ती घाटावर गेली.
बुलेटिनमध्ये फक्त सूचना दिली की शुक्रवारी एक महत्त्वाचं निवेदन होईल. उत्सुकता ताणायची असते.

१३ जून, शुक्रवार. संध्याकाळ.
निवेदन झालं.
सर्वांत मोठी बातमी शेवटी ठेवली, म्हणजे श्रोता उठत नाही. सुरुवातीला हवामान, मग नदीच्या इतिहासावर थोडं. नेमका त्याच वेळी घाटावर नेरेओ एका हरवलेल्या वल्ह्याबद्दल बोंबलायला लागला. शेजारच्या बाया म्हणाल्या, “ते आमचंच असणार,” आणि उठल्या. कुत्राही त्यांच्यामागे गेला.
मिठाची बातमी आब्दोन आजोबांनी ऐकली. पूर्ण. शेवटी त्यांनी मान हलवली आणि मला सुखी राहा असा आशीर्वाद दिला.
प्रसारण झालेलं आहे. ऐकणं ही श्रोत्याची जबाबदारी. शिवाय आजोबा चार घरी सांगतीलच. उद्या ओढ्यावर गाव लोटणार, आणि कोणी विचारलंच, कोणाकडून कळलं, तर उत्तर एकच.

१४ जून, शनिवार.
मुद्दाम उशिरा गेलो. गर्दी जमल्यावर पोहोचलेलं बरं दिसतं.
ओढ्यावर कोणी नव्हतं. काठावर विझवलेली चूल, केळीची सालं. तराफे निघाले होते, फार लांब नाही, मधल्या धारेपर्यंत. मिठाच्या गोण्या रचलेल्या, वर पामच्या पानांची छपरी. मी हाक मारली. पुन्हा मारली. गुडघाभर पाण्यात गेलो आणि छातीतून, बेंबीपासून, जितका आहे तितका आवाज काढला. सुकाणूवरच्या माणसानं मागे वळून पाहिलं. हात हलवला, हसून, माणसं निरोप देतात तसा.
मीही हात हलवला. काय करणार.
घसा कोरडा होता. सर्दी अजून पुरती गेलेली नाही.
घरी तेओलिंदानं विचारलं, पाय कशानं भिजले. म्हटलं, फिरायला गेलो होतो.

२१ जून, शनिवार.
माशांचा लोंढा आला. नदी नुसती चमकतेय, होडी नीट चालत नाही इतके मासे. पूर्वी या दिवशी मी रेडिओवरून अभिनंदन करायचो.
गावात मीठ नाही. नेरेओ सकाळपासून घाटावर ओरडतोय: कोणी लाकडं आणायची, कोणी मासे चिरायचे, धुरीच्या माच्या कुठे बांधायच्या. कासिल्दाबाई त्याच्याशेजारी उभ्या राहून मान हलवतात. जसं काही मासे त्यानंच बोलावले.
मला मासे चिरायला बसवलं. निवेदकाला.

२४ जून, मंगळवार. सान हुआनचा सण.
पानात बांधलेल्या भाताच्या पुरचुंड्या, हुआने, घरोघर झाल्या. सगळ्या अळणी. मी म्हटलं, मीठ कमी खाल्लेलं हृदयाला चांगलं असतं. धुरानं तेओलिंदाचे डोळे सुजलेत, बोटं भाजलीत. ओली लाकडं, मासे फार, माच्या कमी. पकडलेल्यातले निम्म्याहून जास्त सडले. नदीत परत लोटताना लोकांनी नाकाला फडकी बांधली होती. पावसाळ्यात काय खायचं, असं शेजारीण स्वतःशीच म्हणत होती.
मी आज बुलेटिन घेतलं नाही. सुट्टी.

२९ जून, रविवार.
नेरेओचा घसा बसला. इतके दिवस ओरडून पार गेला, फुस्स असा आवाज येतो. वैद्यीण म्हणते महिना लागेल, कदाचित पूर्वीसारखा येणारही नाही. वाईट वाटलं.
प्रामाणिकपणे लिहायचं तर पहिल्यांदा वाईट वाटलं नाही. नंतर वाटलं.

३ जुलै, गुरुवार.
तोरिबियो परत आला. यावेळी माझ्याकडे नाही, घाटावर उतरला. सडक्या माशांचा वास घेऊन म्हणाला, “अहो, मीठ घ्यायला कोणीच कसं आलं नाही? मिठवाले सकाळभर वाट बघत होते. मी उल्देरिकोला सांगितलं होतं की.”
तेओलिंदा तिथेच होती, टोपली धूत.
घरी आली आणि माझी झोपायची झोळी सोडून ओसरीवर बांधली. मी तिला म्हटलं की प्रसारण झालं होतं, आब्दोन आजोबा साक्षीदार आहेत. ती आत गेली.

४ जुलै, शुक्रवार.
कासिल्दाबाईंनी बोलावलं. नेरेओही होता, गळ्याला फडकं. कुजबुजला, “दाजी, मला नुसतं सांगायचंत. मी तुमचं नाव घेऊन ओरडलो असतो.” हे मला सुचलं नव्हतं.
कासिल्दाबाई म्हणाल्या, “रविवारी प्रार्थनेनंतर चौकात सगळे असतील. तुम्हीच सांगा काय झालं ते. दुसऱ्या कोणाच्या तोंडून नको.”
म्हणजे गाव माझ्याकडे परत आलं. चौक, सगळं गाव, आणि बोलणारा मी एकटा. प्रसंग थोडा अवघड आहे, पण निवेदकाची खरी कसोटी अवघड मजकुरातच लागते. मजकूर लिहायला घेतला आहे.

६ जुलै, रविवार.
जसं घडलं तसं लिहितो.
चर्चच्या पायरीवर उभा राहिलो. शर्टाला बटण मी स्वतः लावलं होतं. सुरुवात केली: “श्रोतेहो, काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे मिठाच्या तराफ्यांविषयीचं निवेदन आपल्यापर्यंत वेळेत पोहोचू शकलं नाही.”
मागून कोणीतरी विचारलं, “काय म्हणतोय?” मी पुन्हा वाचलं. तिसऱ्या रांगेतूनही तेच, “काय म्हणतोय तो?”
तेव्हा तेओलिंदा गर्दीतून पुढे आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. तीन दिवसांत पहिल्यांदा इतक्या जवळ. मला वाटलं, धीर द्यायला आली. ती गर्दीकडे वळली आणि असा आवाज काढला की छपरावरची गिधाडं उडाली.
“म्हणतोय, मीठ येणार हे ह्याला आधीच माहीत होतं.”
मी पुढचं वाचलं: “प्रसारणाबाबत केंद्राची स्वतंत्र भूमिका होती.”
“म्हणतोय, नेरेओला कळलं असतं तर नेरेओचं नाव झालं असतं. ते ह्याला बघवलं नसतं. म्हणून गप्प बसला.”
मला थांबता आलं असतं. पण मजकूर हातात असला की मी शेवटपर्यंत वाचतो. “श्रोत्यांच्या गैरसोयीबद्दल केंद्र दिलगीर आहे.”
तिनं कागदावर नजर टाकली. मग म्हणाली, “म्हणतोय, चुकलं माझं.”
मी हळूच तिला म्हटलं, हे यात लिहिलेलं नाही. ती माझ्या कानाशी, कोणालाही ऐकू जाणार नाही असं म्हणाली, “लिहिलंय.”
मी कागदाची घडी घातली. कोणी शिव्या दिल्या नाहीत. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लोक पांगले. आब्दोन आजोबा जाताना तेओलिंदाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “बाई, किती महिन्यांनी मला बातमी कळली.”

९ जुलै, बुधवार.
कासिल्दाबाईंनी घाटावरच्या बातम्या तेओलिंदाला दिल्या. मजकूर मी लिहून देतो. ती वाचत नाही, नजर टाकते आणि आपलं सांगते.
झोळी आत आली आहे. तिची माझ्यापासून जरा लांब बांधलेली आहे, पण आत.

२० जुलै, रविवार. संध्याकाळ.
तिचा आवाज कुठपर्यंत जातो हे पाहायला म्हणून आज पलीकडच्या काठावर गेलो. वल्हवत, एकटाच. पूर्ण ऐकू आलं. वल्ही, बाळंतपण, उद्याच्या लाकडांची पाळी, शब्द न् शब्द. माझं नाव कुठेही नव्हतं. मी शेवटपर्यंत थांबलो होतो.
तिथल्या मचाणावर दोन बाया युका सोलत ऐकत होत्या. एक म्हणाली, “काय गोड सांगते. कोण गं ही?” दुसरी म्हणाली, “नेरेओची बहीण.”
मला राहवलं नाही. पुढे झालो आणि सांगितलं की मी तिचा नवरा.
बाई हात कानामागे धरून म्हणाली, “भाऊ, जरा मोठ्यानं बोला.”