आबांची हिरवी बाटली

१४ एप्रिल, मंगळवार
योगेश आला. नातू. चार वर्षांनी. आबा, माझे मालक, पौषात गेले, हा आत्ता आला. मी बोलले नाही. पाणीसुद्धा रेखाच्या हातून दिलं. रेखा म्हणजे माझी सून, त्याची आई. हे लिहिणारीही तीच. मी अहिराणीत सांगते, ती शाळेच्या मराठीत उतरवते. आत्ता पेन थांबला तिचा. चालव गं.
बॅगेतून पायमोज्यांत गुंडाळलेली बाटली काढली त्याने. हिरवीगार. ॲबसिंथ नावाची दारू म्हणे. तिकडच्या प्रागची.

१५ एप्रिल, बुधवार
दाराआडून सगळं ऐकलं. यो. (रेखाचा हात दुखतो, म्हणून एवढंच) बापाला सांगत होता. बाटली हातातल्या पिशवीत ठेवायची नाही, मोठ्या बॅगेत टाकायची. सील फोडायचं नाही. सत्तर टक्क्यांच्या वरची विमानात चालत नाही, ही बरोबर सत्तरची. दोन लिटरपर्यंत मुंबईत कुणी विचारत नाही. प्राग, दुबई, मुंबई, सगळीकडून सुखरूप. घाम फुटला तो आपल्याच रेल्वेत! मुंबईहून नंदुरबार म्हणजे मध्ये गुजरात, तिथे दारूबंदी. नवापूर स्टेशन अर्धं त्यांचं, अर्धं आपलं. आपलं अर्धं आलं तेव्हा पोराने श्वास सोडला.
बाटलीला कुणी अडवलं नाही. आबा गेले तेव्हा याला कोण आडवं आलं?
रेखा म्हणते, हे नको. लिही.

१७ एप्रिल, शुक्रवार
आबा तसे लग्नाकार्यात घोटभर घेणारे. यो.ने फोनवर पेला दाखवला होता, हिरव्याचं पांढरं होताना. "मन्हाकरता एक लई येजो रे भाऊ," आबा म्हणाले. मग गावभर तेच. दवाखान्यात डॉक्टरलासुद्धा सांगितलं, नातू हिरवी आणतोय, तोवर ठेवा मला.
आज यो.ने करून दाखवलं. पेल्यात बोटभर दारू. वर चहाची गाळणी, तीत साखरेचा खडा. त्यावर गार पाणी, थेंब थेंब. घाई केली की चव गेली. महादेवावर गळती लावतात तसं, मी म्हटलं. रेखाला म्हटलं, त्याला नाही. पांढरं झालं. म्हटलं, फिनाईल आहे हे, न्हाणीत ओत. वास मात्र बडीशेपेचा.

१९ एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)
आबांच्या नावाची पहिली घागर भरली. निखाऱ्यावर पितरांची आगारी टाकली, पुरणपोळी, तूप. यो. म्हणाला, आबांना ही पण. झाकणभर ओतली. भक्कन जाळ! अर्धी मिशी गेली त्याची.
"पोचली रे बेटा आबाले!" बोलून गेले. हसलेसुद्धा, पौषानंतर पहिल्यांदा. मग माझाच राग आला मला. पाच दिवसांचा अबोला मिशीपायी वाया.

२० एप्रिल, सोमवार
तोंड उघडलंच होतं, तर पेला मागितला. औषध म्हणून. माठाचं पाणी यो.ने धरलं. थेंब पडत होते तेवढ्यात तो तेव्हा का आला नाही ते विचारलं, "तवय काब्र नही उना?"
म्हणाला, तिथे राहायचं कार्ड संपलेलं. नवं व्हायचं होतं. मध्येच देश सोडला की परत घेत नाहीत. मग नोकरीही गेली असती.
"म्हंजे येवाले बंदी नव्हती?"
पाणी थांबलं. "येता येत व्हतं आजी. परत जाता येत नव्हतं."
म्हणजे कुणी अडवलं नव्हतं. त्याने तिकडचं दार धरून ठेवलं, इकडचं...
प्यायले. आधी बडीशेप, मग दवण्यासारखं काही, मग नुसतं कडू, जिभेच्या मुळाशी बसणारं. साखर कुठे गेली कोण जाणे. पेला संपवला. इतक्या लांबून आणलेलं.
रेखा वर बघत नाहीये. हिला ठाऊक होतं. रोजचा फोन हिचाच. आणि हेही लिहितेय बघा, मुकाट्याने.

२२ एप्रिल, बुधवार
यो. निघाला. शहाद्यापर्यंत एसटी, तिथून दुसरी नंदुरबारला, पुढे रेल्वे. पाया पडला. पाय दिले. डोक्यावर हात नाही ठेवला.
"पुढली आखाजीले येसू, आजी."
"कोणाकरता? मन्हाकरता कोणता रंगनी आणशी?"
हसला नाही. रेखाने बिबड्यांचा, आपल्या ज्वारीच्या पापडांचा, डबा बॅगेत कोंबला, बाटली होती त्या जागी.

२३ एप्रिल, गुरुवार
विमान रात्रीचं. अजून मुंबईत मावशीकडे बसला असेल. रेखा माझ्याशी कालपासून मोजकं बोलते. मीही. तरी आज विचारलं तिने, फोन लावून देऊ? म्हटलं, पोरगा तुझा, तू लाव. आई आहेस, तुझं चालतं त्याच्यापुढे. माझं कुठे चाललं?
ती एवढं लिहून भाकरी टाकायला उठते म्हणाली, फोन माझ्या मांडीवर ठेवून. यो.चा फोटो दिसतो, त्यावर बोट ठेवलं की लागतो, एवढं मला येतं. ठेवीन. नाही ठेवणार. भाकरी होईस्तोवर बघते.