बिनपाट्याचे वरवंटे

चैत्र वद्य द्वितीया. काशी, मंगळागौरीजवळ.

नाही हो, रडले नाही. रडायला सवड कुठे होती? मोगलसराईला एक भटजी माझ्या गाठोड्यावरच बसले आणि सगळ्या दशम्यांचा भुगा केला. त्यांच्याशी भांडता भांडता काशी आली.

तुम्ही गेलात तरी तुमच्याशी बोलायची खोड काही जात नाही, म्हणून आता वहीत बोलते. गावच्या शाळेत चौथीपर्यंत गिरवलं ते असं कामाला आलं. भावकीनं ठरवलं, कालिंदीनं काशीवास करावा. माझं पुण्य वाढेल म्हणे. वाढेल की! आणि मळा त्यांना आयता.

पण घर बरं आहे. गल्ली इतकी चिंचोळी की समोरून गाय आली तर माणसानं मागं फिरायचं. तुमचे चुलते ढुंढिराज यात्रेकरूंचे उपाध्ये, मी त्यांना मामंजी म्हणते. बोलणं गोड, टिळा ठसठशीत. स्वैपाकाला म्हाताऱ्या सीताक्का आहेत, माझ्यासारख्याच विधवा, लाल आलवणातल्या. मामंजींचा थोरला मुलगा दोन वर्षांमागे वारला, त्याची बायको शरदिनी, तीही आलवणात. एकोणीस वर्षांची पोर! धाकटे विश्वेश्वरभावोजी वर्षभर कलकत्त्याला होते, परवाच परतलेत. चुलीपुढे आम्ही तिघी बोडक्या बसलो तेव्हा मी म्हटलं, पूजेला नारळ मांडलेत जणू. शरदिनी तोंडात पदर कोंबून हसली. मला तेवढं पुरे.

एक गंमत. स्वैपाकघराच्या कोपऱ्यात, रोजच्या वापरातला सोडून, पाच वरवंटे उभे आहेत आणि पाटा एकच. मी म्हटलं, पांडव पाच नि द्रौपदी एक. सीताक्का हसल्या नाहीत. भाताचं पातेलं उगाच दोनदा ढवळलं.

वैशाख शुद्ध पंचमी

आज बहरी अलंग. इथली माणसं गावाबाहेर बागेत जाऊन बाटी-चोखा खातात, त्याला असं म्हणतात. मामंजींचाच बगीचा आहे, तिकीट लावलेला. मधोमध मोठं तळं. काठाला झोके, हातानं फिरवायचा रहाटपाळणा, ठंडाईचा गाळा, दोन होड्या. मी पाळण्यात बसायला निघाले तर सीताक्कांनी पदर धरून मागं ओढली. विधवेनं वर-खाली व्हायचं नसतं वाटतं.

जेवताना बापलेकांची जुंपली. भावोजींना तळ्यात लाकडी धक्का बांधायचाय, काठापासून थेट मध्यापर्यंत. कलकत्त्याला पाहिलाय म्हणे. टोकाशी बाजा वाजतो, मडमा छत्र्या घेऊन फिरतात, होडी फळीलाच लागते, चिखलात पाय घालायला नको. धक्का झाला तर कलेक्टरसाहेबही येतील. मामंजी म्हणाले, तळं पवित्र आहे, तळाशी खांब ठोकायचे नाहीत. मी दाराआडून सीताक्कांना म्हटलं, जरा मोठ्यानंच, की पवित्र तळ्याकाठी भांग घोटलेली चालते वाटतं. भावोजी फिसकन हसले. मामंजींनी हातातला घास ताटात टाकला.

माणूस एवढा कशाला चिडतो? आणि हेही पाहून ठेवलंय मी: पाणी प्यायला आत आले की वरवंट्यांच्या कोपऱ्याला पाठ करून उभे राहतात.

वैशाख शुद्ध एकादशी

बागेत आज धमाल. रहाटपाळण्याच्या एका पेटीत वरवंटा सापडला. अंगडं-टोपडं घातलेला! बारशाला नाही का, बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतो, तस्सा. कुणी ठेवला कुणास ठाऊक. माळी हसले, मीही हसले. मामंजींना दाखवला तर ते मटकन खाली बसले. ओठ पांढरे. कुणी केलं हे, कुणी केलं, एवढंच.

एवढं भ्यायचं? दगडाला?

वैशाख वद्य तृतीया

मामंजी एकाएकी राजी झाले. सकाळपर्यंत नाही म्हणत होते. दुपारी शरदिनी तुळशीपाशी ओकली, ते त्यांनी पाहिलं. संध्याकाळी म्हणाले, बांधा धक्का, लवकर बांधा, आणि टोक खोल पाण्यापर्यंत न्या. खांब कुठे ठोकायचे ते मात्र मी दाखवीन. भावोजी हरखले.

आणि आज हमालाच्या डोक्यावरून नवा पाटा आला. मी म्हटलं, आहे तो कुठे झिजलाय? तर म्हणाले, हा शरदिनीचा, तिच्या सोवळ्यातला. वरवंटाही तिचा वेगळा आणलाय.

शरदिनीला गच्चीवर नेऊन विचारलं. तिसरा महिना. नाव सांगेना. घरात पुरुष दोन, आणि धाकटा वर्षभर कलकत्त्याला. मला चौथीपर्यंतचं गणित येतं.

ज्येष्ठ शुद्ध अष्टमी

लिहिताना टाक मोडला. भीतीनं नाही, संतापानं.

मामंजींनी धक्का मध्येच वाकडा वळवायला लावला होता. आज ते नव्हते, मजुरांनी खांब सरळ रेषेत ठोकला. तळाशी दगड लागला. बुडी मारून वर काढला तर पाटा! टाकी लावलेला, आपल्याकडचा, मध्ये दोराचे वळ. त्याच्या शेजारी आणखी चार लागले.

घरी येऊन सीताक्कांना धरलं. म्हटलं, कोपऱ्यातल्या पाच वरवंट्यांचे पाटे मला आज सापडले. आता बोला. त्यांनी चुलीत लाकूड सारलं. मग बोलल्या, चुलीकडे तोंड करून. गावागावांहून या घरी काशीवासाला पोरी धाडतात. ज्यांचं पाऊल घसरलं त्यांना मणिकर्णिकेवर अग्नी कोण देणार, असं म्हणाल्या. पाऊल घसरलं! ढकललं कुणी ते नाही म्हणाल्या. पोरीला होडीतून तळ्यात न्यायचं, पाठीला तिचाच पाटा बांधायचा. गावी कळवायचं, पटकी झाली. शेवटच्या पोरीनंतर मल्लाहानं होडी काढायचं सोडलं, म्हणून आता धक्का.

मी विचारलं, मग वरवंटे का ठेवले?

त्या म्हणाल्या, अगं, वरवंटा बारशाला पाळण्यात घालतात. तो म्हणजे बाळ. तो बुडवला तर भ्रूणहत्येचं पाप नाही का लागणार?

ऐकलंत? जिच्या पोटात खरं पोर तिला बुडवायची आणि दगडाला जपायचं! वर रोज त्रिकाळ संध्या. तुमचेच चुलते ना हो हे? तुम्ही पाया पडत होतात ना यांच्या? मी त्या म्हातारीला काय काय बोलले ते लिहीत नाही, वही जळेल.

ज्येष्ठ पौर्णिमा

भावोजींना सगळं सांगितलं. आधी माझ्यावरच ओरडले. मग पाटे बघून आले आणि अंगणात बसून राहिले. आता शरदिनीकडे वर मान करून बघत नाहीत, पण म्हणाले, वहिनी, सांगाल ते करीन. छावणीकडे मडमांचा दवाखाना आहे, तिथं अशा बायकांना ठेवून घेतात, बाळंतपणही करतात. एक्का ठरवायचाय. मामंजींचा माणूस दारात बसलेला असतो.

आणि आज पाळण्यात दुसरा वरवंटा. ओला. शेवाळ लागलेलं. अंगडं-टोपडं नाही, आलवणाची चिंधी गुंडाळलेली.

मी हसले नाही.

ज्येष्ठ वद्य चतुर्थी

दोन आणखी. भर दुपारी, माळ्यांच्या देखत पाळणा आपोआप फिरला. वारा नव्हता. दोन पेट्या खाली आल्या त्या जड होऊन. माळी पळाले.

स्वैपाकघरात जाऊन पाहिलं. कोपरा रिकामा होत चाललाय. बागेत जाताना घातलेलं कुलूप होतं तसंच—

सीताक्का म्हणतात, तू केलंस. मी नाही. खरंच नाही.

ज्येष्ठ वद्य सप्तमी

धक्का झाला. नव्या फळ्यांवर ओली पावलं. पाण्याकडून काठाकडे येणारी. बायकांची. परत जाणारं एकही नाही.

पाचवाही गेला.

मामंजींना काही दिसत नाही. दिसलं तरी पायानं पुसून पुढे. शनिवारी कलेक्टरसाहेब येणार, कंदील लावायचेत. त्याआधी उद्या तिन्हीसांजेला शरदिनीनं टोकाशी अर्घ्य द्यायचं. एकटीनं. फक्त मामंजी बरोबर. नवा पाटा गोणीत घालून बागेत आणलाय—

ज्येष्ठ वद्य अष्टमी. बागेतलं स्वैपाकघर.

घाईत लिहितेय. शरदिनी सुटली. भावोजी एक्क्यात तिच्या शेजारी बसून गेले, काळजी नको. दारातल्या माणसाला मी ठंडाई पाजली, भांग हात सैल सोडून घातली होती.

तिचं आलवण मी नेसलेय. पोटाला चिंध्या बांधल्यात. मामंजींना कळायचं नाही. बोडक्या बाईचं तोंड कोण बघतं? टोकाशी पोचले की पदर काढणार, जीभ दाखवणार, आणि असं ओरडणार की कंदील लावणारे, मल्लाह, सगळे धावत येतील. मग गोणीत काय आहे ते सांगा म्हणावं! पोहायला येतं मला. नदीकाठची आहे मी.

खिडकीतून दिसतायत. टोकाशी उभे. गोणी पायाशी. त्यांनी हाक मारली, ये बहू, घाबरू नको.

आता उठते—

थांबा. कुणीतरी चाललंय धक्क्यावरून. लाल आलवण. पदर पुढे ओढलेला. मामंजी हात पुढे करतायत, हसतायत. शरदिनी समजून.

शरदिनी तर गेली. आणि मी इथं आहे. अजून इथंच बसलेय—

मागून आणखी एक. आणखी—पाठीवर पाटे तसेच. प्रत्येकीच्या कडेवर काहीतरी, दगडाएवढं, हलतंय—

मामंजी ओरडले. आता ओरडत नाहीत.

पाणी हलत नाही. धक्का रिकामा. नाही, रिकामा नाही. त्या वळल्यात. इकडे.

दारापाशी फरशी ओली होतेय. माझ्या पोटाला चिंध्या आहेत हो, त्यांना काय वाटेल—

तुमच्यापासून लपवलं ते सांगते. पहिला वरवंटा मीच ठेवला होता पाळण्यात. अंगडं-टोपडं मीच शिवलं. म्हाताऱ्याला भिववायला, थट्टा म्हणून. मीच त्यांना पोरं दाखवली. बाकीचे मी नाही ठेवले, अहो, बाकीचे मी