दत्ताचा कान

वारजे, पुणे
१४ जानेवारी २०२५

ती. वासंतीताईस,

दत्ताचा नमस्कार. साष्टांग घालायला गुडघे तयार नाहीत, तेव्हा उभ्यानेच मान्य करून घे.

सोबतच्या डब्यात तिळगुळाच्या वड्या आहेत. भाग्यश्रीने तुझी नवी कवळी लक्षात ठेवून मुद्दाम मऊ केल्यात. नवऱ्यासाठी, म्हणजे माझ्यासाठी, नेहमीच्याच, फोडायला बत्ता लागतो त्या. गोड बोलायचं काम तुझ्याकडे सोपवतो, मला ते कधी जमलं नाही.

मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस, हे कळलं. आमच्या इमारतीत रेंज नसते. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर तू दोन ओळी वाचून अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस. म्हणून पत्र. वारजे ते मांजरी म्हणजे टपालखात्याच्या दृष्टीने परदेशच, पण पोचेल कधीतरी.

तुला घाई आहे, हे मला माहीत आहे. सगळी हयात दुसऱ्यांच्या मागे उभी राहून कोरस गायलीस, आणि आता सदुसष्टाव्या वर्षी स्वतःच्या चालींची, स्वतःच्या नावाची नऊ गाणी माझ्या या खोलीत बसून गायलीस. पाडव्याला ती लोकांपुढे यायला हवीत. मिक्सिंग तेवढं राहिलंय, म्हणजे तुझा आवाज, पेटी, तबला, टाळ यांचं प्रमाण जुळवणं. आणि तू साऱ्या सोसायटीला सांगून ठेवलं आहेस की ते दत्ताच करणार, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये, दत्ताचा कान म्हणजे कान. सांगताना जरा हात आखडता घ्यायचा होतास.

तर बातमी अशी की तुझा भाऊ इंटरनेटच्या नादी लागलाय. हस. फुकट काय मिळतं, तर सल्ला, आणि तोही पुण्यात, असं मीच म्हणायचो. तो शब्द मागे घेतो.

ताई, अगं काय काय आहे तिथे. जे यंत्र आमच्या जुन्या स्टुडिओत अर्धी भिंत खायचं, ते आता फुकटचा प्रोग्रॅम होऊन माझ्या संगणकात बसलंय. कुणा प्राध्यापकाने रिकाम्या वेळात तयार केलं आणि वाटून टाकलं. खाली फक्त लिहिलंय, चूक सापडली तर कृपया कळवा. मी ती ओळ किती तरी वेळ बघत होतो. आपल्याकडे चूक कळवली की काय होतं, ते तुला सांगायला नको.

बीडकडचा संभाजी म्हणून कुणी आहे. सोयाबीनच्या गोदामात पोती रचून संबळ कसा रेकॉर्ड करावा, ते मोबाइलवर दाखवतो. माईक किती तिरका, पोती कुठे आणि का, सगळं हातचं न राखता. आमच्या वेळी असं काही विचारलं की उस्ताद लोक चहा मागवायचे आणि विषय बदलायचे.

आणखी एक जण रिकाम्या जागांचे निनाद गोळा करतो. पडकं चर्च, बोगदा, धान्याची कोठी. आत जाऊन फुगा फोडायचा, जो आवाज घुमतो तो धरायचा आणि जगाला देऊन टाकायचा. तो निनाद आपल्या गाण्याला लावला की गाणं तिथेच गायल्यासारखं वाजतं. मी तुझं मेथी निवडण्याचं गाणं स्कॉटलंडमधल्या एका रिकाम्या पाण्याच्या टाकीत नेऊन सोडलं. माझ्या अंगावर काटा आला. तू मांजरीत बसलेली, आणि तुझा आवाज तिकडे भिंतींना हात लावत फिरत होता. रेकॉर्डमध्ये ते ठेवणार नाही, घाबरू नकोस, पण एकदा ऐकवीन.

आणि एक कट्टा आहे. जगभरचे रेकॉर्डिस्ट तिथे आपलं अर्धंकच्चं काम टांगतात. अनोळखी माणसं ते ऐकतात आणि चुका सांगतात, न ओरडता. मीही तिथे काहीतरी टांगलंय. त्याचं पुन्हा कधी.

आता तुझ्या निरोपाविषयी. पहिल्या गाण्याचा नमुना ऐकून तू म्हणालीस की ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे कानात घुसतात, नव्या कवळीचाच प्रताप असणार, डॉक्टरांकडून घासून घेते. ताई, इतक्यात जाऊ नकोस. खोलीचा काही दोष असेल, माईकचा असेल. मी बघतो. कारण विचारू नकोस, थोडी थांब एवढंच.

तुझा,
दत्ता


वारजे, पुणे
२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,

तुझा बोलका निरोप मिळाला. पूर्ण वाचला. हो, वाचला. बोललेलं आत टाकलं की मराठीत लिहून देणारा एक प्रोग्रॅम आहे, तोही फुकट. ‘मेल्या’पासून ‘असो’पर्यंत सगळं जसंच्या तसं उतरवलं त्याने, एक शिवी गाळली नाही. असला प्रोग्रॅम भावाला कशाला लागतो, हे तुझ्या लक्षात आलं असेल. नसेल तर पुढे वाच.

तू म्हणतेस, कवळी दोनदा घासून झाली. आता भाकरी तुटत नाही आणि ‘स’ आहे तसाच आहे. म्हणतेस, या वयात स्वतःच्या नावाची हौस कशाला, मागेच बरी होते मी, राहू दे ती गाणी तुझ्याकडे. ते वाचून मी उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. भाग्यश्रीने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी आत येऊन हे पत्र लिहायला बसलो.

ताई, तुझ्या कवळीत दोष नाही. गळ्यात नाही, खोलीत नाही, माईकमध्ये नाही. मला ऐकू येत नाही.

ठार बहिरा झालेलो नाही. वरचा पट्टा गेलाय. चिमण्या, कुकरची शिट्टी, टाळाची धार, ‘स’ आणि ‘श’, आणि फोनवरचं बरंचसं बोलणं. रेंजची थाप होती. मिक्सिंग करताना तुझा आवाज मला गोधडीखालून यावा तसा यायचा. मला वाटलं, रेकॉर्डिंगच मंद झालंय. म्हणून ट्रेबल, म्हणजे तोच वरचा पट्टा, चढवत गेलो, माझ्या कानाला बरोबर वाटेपर्यंत. आचाऱ्याच्या जिभेची चव जावी आणि त्याने पातेल्यात मीठ ओतत राहावं, तसा प्रकार. पंगत तोंड वाकडं करतेय आणि हा म्हणतोय, आता झाली बघा आमटी. आणि तू शहाणी, माझ्या कानावर शंका घ्यायच्या आधी आपले दात घासून आलीस.

मला हे कुणी सांगितलं, ते ऐक. कट्ट्यावर मी तुझंच गाणं टांगलं होतं. फिनलंडमधल्या एका बाईने ते ऐकलं. तिथे सगळे टोपणनावाने वावरतात, तिचं टोपणनाव म्हणजे त्यांच्या भाषेतला बगळा. तिने लिहिलं, गायिका फार मोठी आहे. ‘स’ आणि टाळ मात्र बोचतात, उजवीकडे जास्तच. ही नवशिक्याची चूक नाही, बाकी सगळं काम जाणत्या हाताचं आहे. तेव्हा कृपा करून कान तपासून घ्या. हे लिहिताना मला संकोच वाटतोय, पण माझ्या वेळी कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

मी भडकलो. दोन ओळींचं अस्सल पुणेरी उत्तर लिहिलं. मग पुसलं. मागचं पत्र तुला लिहिलं तेव्हा हे होऊन गेलं होतं, पण डॉक्टरांकडे जायचा धीर व्हायचा होता. तू तेवढ्यात दातांच्या डॉक्टरकडे जाऊन पोचशील, असं वाटलं नव्हतं. ते माझ्यामुळे झालं, आणि त्याची मला लाज वाटते.

कानाच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली. सुरुवातीला बरी चालते आणि मग कड्यावरून पडल्यासारखी खाली जाते. उजव्या कानाची जास्त. वय आणि जन्मभराचे हेडफोन, दोघांची मिळून कामगिरी. गेलेलं परत येणार नाही. यंत्र लावून बोलणं समजेल, पण गाण्याचा निवाडा त्या यंत्रावर सोपवू नका म्हणाले. रिक्षात बसलो तेव्हा मला पहिली तूच आठवलीस. आता कुणाच्या जोरावर पाडवा, असं मनात आलं.

मग त्या बगळ्याबाईला लिहिलं, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. तिचं उत्तर लगेच आलं. तिचे दोन्ही कान कुठल्याशा आजारात कधीच अर्धे झालेत. ती तरीही हेच काम करते, बघून बघून करते. कसं बघायचं, ते तिने मला शिकवलं. चित्रं काढून पाठवली, माझ्या मोडक्या इंग्रजीला एकदाही हसली नाही. मी आभार मानले तर म्हणाली, मलाही असंच कुणीतरी शिकवलं होतं.

एक प्रोग्रॅम आहे, तो आवाजाचं चित्र काढतो. खाली खर्ज, वर तार, डावीकडून उजवीकडे वेळ. त्यात मी तुझं मेथीचं गाणं उघडलं. ताई, कसं सांगू तुला. तुझा षड्ज लागतो तिथे आडव्या रेघा उजळतात, एकीवर एक, पार वरपर्यंत, आणि त्यातली एकही हलत नाही. मींड घेतेस तिथे त्या सगळ्या मिळून वळतात. ‘स’ येतो तिथे वर पांढरा ढग. आणि दोन ओळींच्या मधे एक फिकट धुकं दिसतं, तो तुझा श्वास. तो मला किती वर्षांत ऐकू आलेला नाही, आणि ऐकू येत नाही हेही मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी तुझ्यासमोर बसलो आणि तू एवढं सगळं गात होतीस. मी त्या पडद्यासमोर रडलो. भाग्यश्रीने पाहिलं, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

मग कामाला लागलो. ढग कुठवर असावा, हे चार चांगल्या गाण्यांच्या चित्रांशी ताडून पाहिलं आणि चढवलेलं सगळं उतरवलं. पुन्हा कट्ट्यावर टांगलं. बीडचा तो संभाजी तिथेच असतो, त्याने लिहिलं, ‘आता ब्येस हाय काका.’ बगळ्याबाईने विचारलं, गाण्यात काय आहे. मी लिहिलं, एक बाई मेथी निवडत बसलीय आणि आजवर कुणाकुणाला रांधून घातलं, ते आठवतेय. ती म्हणाली, मला एक शब्द कळला नाही, पण ऐकताना मी कोबी चिरायला घेतला होता आणि माझ्या आईच्या स्वयंपाकघरात जाऊन आले.

कुठली मेथी, कुठलं फिनलंड. तिचं माझं नातं नाही, ओळख नाही, घेणंदेणं नाही, आणि ती बाई तिच्या रविवारात तुझ्या श्वासाची काळजी करते. मी संगणकाला हात जोडले. भाग्यश्री म्हणाली, ते दसऱ्याला जोडतात.

पण तीच बाई म्हणते, डोळ्यांनी जुळवलेलं शेवटी कुणाच्या तरी कानांनी तपासावं लागतं. गाणं ज्याचं, कान त्याचे. म्हणून माझं एक मागणं आहे. तू ये. माझ्या खुर्चीत बस. कुठे टोचतंय, कुठे बोथट झालंय, तू सांग, मी हात चालवतो. कोरसमध्ये मागे उभी राहून तू आम्हा सगळ्यांच्या चुका ऐकायचीस, मला माहीत आहे. भुवई वर जायची आणि तोंड बंद असायचं. या वेळी तोंडाने सांग.

माझ्यावरचा भरवसा उडाला असेल तर तसं लिही. कोथरूडला शेफाली म्हणून एक मुलगी फार चांगलं काम करते, सगळ्या फायली मी स्वतः तिला नेऊन देईन. मी रुसणार नाही. थोडा रुसेन, पण देईन. गाणी माझ्याकडे पडून राहणार नाहीत, एवढं नक्की.

गाणी जगभर पोचवणारी एक साइट आहे, कंपनी लागत नाही, कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. तिथे तुझं खातं उघडलंय. त्यात एक चौकोन येतो, मुख्य कलाकार. आजवर कितीतरी गाण्यांवर तुझं नाव ‘आणि इतर’मध्ये गेलं, त्यातल्या बऱ्याच गाण्यांवर माझ्याच हातून. त्या चौकोनात मी ‘वासंती खळदकर’ असं लिहिलं आणि बघत बसलो. नाव छान दिसतं, ताई. पुढचं बटण दाबलेलं नाही. ते सगळं ऐकून झाल्यावर दाबायचं असतं, आणि ऐकणार तू आहेस.

कुठल्याही दिवशी ये. बेल वाजवत उभी राहू नकोस, मला ऐकू जायची नाही. दार उघडंच ठेवतो.

तुझा,
दत्ता